माया किती ठेवू?

पुंडलिक मास्तर शाळेच्या शर्टाचं माप घेताना पोराला आधी बाजूनं उभं करतात आणि त्याची हनुवटी बघतात. शर्टाला हनुवटी लागत नाही, हे मलाही माहीत आहे आणि मास्तरांनाही. तरी दर जूनमध्ये रायपूरच्या गुढ़ियारी भागातल्या त्यांच्या दुकानासमोर पोरांची रांग लागते आणि प्रत्येक पोर खांद्याआधी, छातीआधी हनुवटी दाखवून घेतं. मास्तर चष्मा कपाळावर चढवतात, दोन पावलं मागं जातात, एक डोळा बारीक करतात आणि "हं" म्हणतात. या "हं"चे तीन प्रकार आहेत. पहिला म्हणजे सगळं ठीक. दुसरा म्हणजे काम आहे, पण अजून वेळ आहे. तिसरा लांबलचक असतो आणि तो ऐकला की पोराच्या आईनं खुर्ची ओढून बसावं, कारण आता मास्तर तासभर सोडत नाहीत.

मी लग्न होऊन भंडाऱ्याहून रायपूरला आले. नवरा रेल्वेत, मी एका सरकारी ऑफिसात फायली इकडच्या तिकडं करते. इथं मराठी बोलणारं माणूस सापडलं की आपण त्याचं बाकी काही बघत नाही. मास्तर मला असेच सापडले. ब्लाउज शिवायला गेले, तर मान वर न करता म्हणाले, "ब्लाउज नाई शिवत मी. फकस्त शाळेचे कपडे. पोट्टं झालं का आण." माझ्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते.

मास्तरांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. एकदा मी दुकानात असताना एक साहेब आले. सुटलेलं पोट, हातात दोन मोबाइल, मागं ड्रायव्हर. मास्तरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकदम ओरडले, "अरे! तेराची हाफ पॅन्ट! कवा आला बे?" साहेब लाजले. ड्रायव्हर दुसरीकडं बघायला लागला. साहेबांनी वाकून नमस्कार केला आणि आपल्या मुलाला पुढं केलं. मास्तरांनी मुलाला बाजूनं उभं केलं.

आता माया. शिवणकाम करणाऱ्यांना सांगायला नको. पोर वाढलं की उसवून सोडता यावं म्हणून शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला आपल्याकडं माया म्हणतात. सगळं रायपूर त्याला मार्जिन म्हणतं. मास्तरांना ते मान्य नाही. इथं इतकी वर्षं काढली, हिंदी फर्राटेदार बोलतात, पण माया ती मायाच. गिऱ्हाईक कुठलंही असो, टेप गळ्यात टाकून पहिला प्रश्न हाच, "माया कितनी रखूँ?" एकदा एक नवीन गृहस्थ हा प्रश्न ऐकून जरा दचकले आणि म्हणाले, "एक ही है, मास्टर जी." त्यांच्या बायकोचं नाव माया होतं. दुसरे एक म्हातारेबुवा नातवाचा ड्रेस द्यायला आले आणि स्वतःसाठीही कुर्ता शिवून द्या म्हणून हटून बसले. मास्तरांनी विचारलं, तसे बुवा हात जोडून म्हणाले, "माया तो हमने कब की छोड़ दी." आपल्या मराठीत कापताना माया सोडणं म्हणजे जास्तीचं कापड ठेवणं, शिवल्यावर सोडणं म्हणजे ते उसवून मोकळं करणं. मास्तरांनी दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच सोडली. बुवा तो कुर्ता घालून गेले, तेव्हा आत अजून एक बुवा मावला असता.

मास्तरांची मापाची वही लाल कापडाची, उशीएवढी जाड. त्यात प्रत्येक पोराचं एक पान. केजीत पहिला ड्रेस शिवला तेव्हापासून बारावीपर्यंत लांबी, कंबर, बाही आणि शेवटच्या रकान्यात माया. किती ठेवली आणि कधी किती सोडली, तारखेसकट. माझ्या सानूचंही पान आहे. सानू म्हणजे माझी मुलगी, सानिका. हिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते. मी विचारायचं, "जेवली का?" आणि तिनं म्हणायचं, "हव, खा लिया." चालायचंच.

सानूचा खालचा जबडा जरा मागं आहे आणि वरचे दात पुढं. ओठ सहज मिटत नाहीत. फोटो काढताना ती जोर लावून ओठ मिटते, मग हनुवटीला सुरकुत्या पडतात. वर्गात तिला खरगोश म्हणतात, हे मला तिनं सांगितलं नव्हतं, तिच्या वहीच्या मागच्या पानावरून कळलं. कोणीतरी पेनानं ससा काढला होता आणि तिनं तो खोडून खोडून कागद फाडला होता. मला काय, वाईट वाटलं नाही असं नाही. पण माझं ठरलेलं होतं. दुधाचे दात पडून जाऊ देत, दहावी होऊ दे, मग तारा लावू. माझ्या नणंदेच्या मुलानं अकरावीत लावल्या, आता जाहिरातीत हसल्यासारखा हसतो. त्याचे फक्त दात वाकडे होते, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही.

सानू सहावीत जाणार होती, त्या जूनमध्ये आम्ही मास्तरांकडं गेलो. नवा स्कर्ट, दोन शर्ट. मास्तरांनी तिला बाजूनं उभं केलं. चष्मा कपाळावर. दोन पावलं मागं.

"हं​ऽऽऽ."

तिसरा प्रकार होता. मी तरी खुर्ची ओढली नाही.

मास्तरांनी बोटाला थुंकी लावून वही उघडली. "हे पाहा ताई. केजीपासून एक इंच माया साल-साल पुरत होती. डिसेंबरात एक इंच सोडला. मार्चमधी पुन्हा एक. आता जूनमधी स्कर्ट गुडघ्याच्या वर. पोट्टी सुटली."

"मग बरंच आहे न. मोठी होऊन राहिली."

"उंची सुटते तवाच जबडा बी सुटते. आता हाडात माया हाय. दातवाल्या डॉक्टरकडं ने हिले."

"मास्तर, अजून दोन दुधाचे दात आहेत तिला."

"दात नाई ताई, दात चांगले हायेत. खालचा जबडा मागं राह्यला. त्याले पुढं आणाचं तर तो वाढून राह्यला तवाच आणाचं."

"दहावीनंतर पाहू."

"दहावीनंतर काय पाहता? तवा सगळी माया सोडून झाली राहीन."

तेवढ्यात आमच्या शेजारची बाई तिच्या मुलाला घेऊन आली. तोही अकराचा, त्याचेही दात सानूसारखेच पुढं. मास्तरांनी त्याला बाजूनं बघितलं आणि छोटं "हं" केलं. म्हणाले, "याले टाइम हाय. पोट्टं हाय न. पोट्टे मागून सुटते. दीडेक वर्षानं पाहू." झालं! तेच वय, तेच दात, आणि एकीला आत्ता पळा, दुसऱ्याला बसा. माझी खात्री पटली की मास्तर सटकलेत. "तुम्ही स्कर्ट शिवा न मास्तर, जबड्याचं मी पाहून घेईन," असं म्हणून मी सानूचा हात धरून निघाले. पोरीसमोर तिच्या हनुवटीची पंचाईत केलेली मला मुळीच आवडली नव्हती.

आठ दिवसांनी ड्रेस आणायला गेले. ड्रेस तयार होता, हँगरवर इस्त्री करून टांगलेला. मास्तर देईनात.

"डॉक्टरचा कागद आण आन् घेऊन जा."

मला वाटलं, थट्टा करून राहिलेत. थट्टा नव्हती. मी पैसे पुढं केले, ते त्यांनी खडूच्या डबीनं पुन्हा माझ्याकडं सरकवले. मी आवाज चढवला. मास्तरांनी मशीन चालू केली. मशीनच्या आवाजात भांडता येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आत पडद्याशी त्यांची मुलगी वंदना काज-बटण करत बसलेली होती. तिशी ओलांडलेली, नेहमीसारखी ओढणी तोंडावरून नाकापर्यंत वर ओढून. तिला म्हटलं, "अगं, सांग न तुझ्या बाबांना." तिनं नुसती मान हलवली. ही पोरगी कधी हसत नाही, बोलत नाही, फार शिष्ट आहे, असं माझं तिच्याबद्दल मत होतं. त्या दिवशी ते आणखी घट्ट झालं.

शाळा सुरू झाली. सानू आठवडाभर पाचवीच्या आखूड स्कर्टमध्ये गेली. डायरीत शेरा आला. नवरा म्हणाला, दुसरा रेडिमेड आण. मी म्हटलं, माझा ड्रेस माझ्या शिंप्याकडं असताना मी रेडिमेड कायले आणू? तत्त्वाची गोष्ट होती. शेवटी ठरवलं की डॉक्टरकडं जायचं, कागद आणायचा आणि तो मास्तरांच्या मशीनवर आपटायचा. सदर बाजारातून स्कूटरवर वाट काढत, सोनारांच्या दुकानांसमोर तीन वेळा हॉर्न खात आम्ही दवाखान्यात पोचलो, ते निव्वळ भांडायला कागद पाहिजे म्हणून.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. सानूला बसवलं, तोंड बघितलं, मग म्हणाल्या, "बेटा, ज़रा साइड में देखो." मी खुर्ची ओढून बसले.

मग मला विचारलं, "पिछले एक साल में हाइट कितनी बढ़ी?" मी पर्समधून शाळेचं प्रगतिपत्रक काढलं. त्यात उंचीचा रकाना असतो. तिसरी, चौथी, पाचवी, तिन्ही वर्षं सानूची उंची तेवढीच होती. कोणीतरी मागचं बघून पुढं उतरवलेलं. डॉक्टरीण बाईंनी ते बघितलं आणि परत दिलं. मी आई. पोरगी माझ्या डोळ्यांसमोर एवढी वाढली आणि मला एक आकडा सांगता येईना. पाळी सुरू झाली का, विचारलं. नाही, म्हटलं. तेवढं एक मला येत होतं.

बाजूनं एक्स-रे काढला. बाईंनी जबड्यापेक्षा मानेची हाडं जास्त वेळ बघितली. त्यांचा आकार बघून समजतं म्हणे, वाढ कुठवर आली ते. मग म्हणाल्या, "अच्छे टाइम पर आईं आप. ग्रोथ अभी रफ़्तार पकड़ रही है." वर-खाली दोन प्लेटी बसवतील, त्यांनी खालचा जबडा पुढं धरून ठेवायचा, जेवताना-ब्रश करताना सोडून दिवसभर घालायच्या, साधारण वर्षभर. लागल्या तर तारा नंतर. वाढ चालू आहे तोवर जबडा ऐकतो. मी विचारलं, दहावीनंतर केलं असतं तर? "लड़की है, तब तक ग्रोथ लगभग पूरी हो जाती. फिर या तो दाँत निकालकर जबड़े की कमी छुपाते, या हड्डी का ऑपरेशन." सानूनं माझ्याकडं बघितलं. मी एक्स-रेकडं बघितलं.

"आपको भेजा किसने?"

खोटं काय बोलायचं. "दर्ज़ी ने," म्हटलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "गुढ़ियारी वाले? इस महीने का तीसरा बच्चा है." मग म्हणाल्या, "देखिए, मैं तय एक्स-रे से ही करती हूँ. एक-दो बार वो गलत भी निकले हैं. पर आगे का हिसाब रखने के काम आएगा, उनकी कॉपी से नाप उतारकर लाइए."

त्या संध्याकाळी कागद आपटायचं राहूनच गेलं. मी तो मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट बघितला, इंग्रजी त्यांना येत नाही. त्यांनी तो आत वंदनाकडं दिला. वंदनानं पूर्ण वाचला, दोन वेळा, आणि म्हणाली, "बाबा, वेळेवर गेली."

मास्तर उठले. हँगरवरून ड्रेस काढला, कागदात गुंडाळला, माझ्याकडं दिला आणि "चहा पिऊन येतो" म्हणून टपरीकडं निघून गेले. पैसे घ्यायचंही भान राहिलं नाही त्यांना.

मी सानूची मापं उतरवत बसले. उतरवता उतरवता सहज पानं चाळली. अर्ध्या गुढ़ियारीची पोरं होती त्यात. मी विचारलं, "वंदना, तुझं पान कुठंय?"

"माझं पान नाई ताई."

तिनं सुईत दोरा ओवला, तरी बोलायचं थांबली नाही. पहिल्यांदाच तिला इतकं बोलताना ऐकलं. "माझं माप बाबानं कवा घेतलंच नाई. दुसऱ्याच्या ड्रेसमधून जे कापड उरे, त्याचं शिवत. अंदाजानं. ढगळं शिवाचं, दोन-तीन वर्षं चालाचं. गल्लीतल्या एकेका पोट्ट्याची बाही त्याइले पाठ होती. मी घरातच होती. मी कवा सुटली, कोणाले कळलं नाई."

मग तिनं ओढणी खाली घेतली. अगदी सानूचाच चेहरा होता, वीस वर्षं पुढचा.

"एकोणीसची होती तवा स्थळ पाहून राह्यले होते. फोटो पाठवला समोरचा. त्याइनं निरोप धाडला, बाजूनं काढलेला पाठवा." तिनं दोऱ्याला गाठ मारली. "मग बाबा मले नागपूरले घेऊन गेले, मोठ्या डॉक्टरकडं. डॉक्टर म्हणे, ग्रोथ नाई उरली, आता ऑपरेशन. बाबानं इचारलं, ग्रोथ म्हणजे का? डॉक्टर म्हणे, हाडाले वाढाले जागा. बाबा म्हणे, म्हणजे माया. ऑपरेशनले मीच नाई म्हटलं, मले भेव वाटलं. तसं माझं काही अडलं नाई ताई. घासाचा तुकडा समोरच्या दातानं नीट तुटत नाई, बस. पण बाबाच्या मनातून ते जात नाई."

मला तिला शिष्ट म्हटल्याची इतकी लाज वाटली की मापं उतरवताना दोन वेळा चुकले. मास्तर परत आले, तेव्हा तिनं ओढणी वर घेतली होती आणि मी आकडे तपासत होते. मास्तरांनी विचारलं, "माया लिहिली का?" मी म्हटलं, "लिहिली."

सानूच्या तोंडात प्लेटी बसल्या. पहिले पंधरा दिवस तिला स म्हणता येत नव्हता, आणि तिचं स्वतःचं नावच स नं सुरू होतं. ती रोज शाळेतून येताना दुकानात थांबायला लागली. वंदनाजवळ बसून "सदर बाजार से सात साड़ी" असलं काहीतरी म्हणायची, त्याचं भलतंच व्हायचं आणि दोघी खिदळायच्या. वंदना हसते, हे गल्लीला तेव्हा कळलं.

दिवाळीच्या आधी मी पडद्यांचं कापड घ्यायला पंडरीच्या बाजारात निघाले होते. मास्तरांनी हाक मारून किती मीटर ते लिहिलेली एक चिठ्ठी दिली आणि सांगितलं, वंदनाच्या कुर्त्याचं कापड आणा, तिच्या पसंतीचं, तिलाही घेऊन जा. आम्ही दोघींनी मोरपंखी सुती कापड घेतलं. चिठ्ठीत होतं तेवढं मागितलं, दुकानदारानं फाडून दिलं. मी काही विचार केला नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वंदना तो कुर्ता घालून आमच्याकडं फराळाला आली. सानूनं जेवायला म्हणून प्लेटी काढल्या, शंकरपाळा तोंडात टाकला आणि बोलायच्या नादात चहाचा कप वंदनाच्या अंगावर सांडला. मी तिला मोरीत नेलं, कुर्त्याचा घेर उलटा करून पाण्याखाली धरला आणि बघतच राहिले. खाली चार बोटं कापड आत दुमडलेलं. बाजूच्या दोन्ही शिलाया उलटून बघितल्या, तिथं दोन-दोन इंच. बाह्यांतही होतं. केजीतल्या पोराला ठेवतात तशी माया.

वंदना मान वाकडी करून माझ्याकडं बघत होती. "सगळेच असे हायेत ताई. नागपूरहून आलो तवापासून. पयला कुर्ता शिवला तवापासून असेच शिवते बाबा. मी तेहेतीसची झाली, आता का वाढणार हाय मी?" आणि तोंडावर हात न ठेवता हसली. "मी नाई उसवत. राहू द्या म्हणते. त्याइले बरं वाटते."

नळ तसाच चालू राहिला. सानू दारात येऊन म्हणाली, "मम्मी, पानी!"

दुसऱ्या दिवशी स्कर्टची माया सोडायला सानूला घेऊन दुकानात गेले. पुन्हा एक इंच. मास्तर उसवत होते, वंदना आत होती. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "मास्तर, वंदनाच्या कुर्त्यात एवढी माया कायले ठेवता?"

मास्तरांनी मान वर केली नाही. दातात दोरा धरून तोडला. मग म्हणाले, "कापड उरलं होतं ताई."

माझ्या पर्समध्ये पंडरीची चिठ्ठी अजून होती. मास्तरांच्याच अक्षरात, खडूच्या बोटांचे डाग पडलेली, "वंदना, साडेतीन मीटर". तिच्या अंगाला अडीच मीटरही खूप झालं असतं. मी चिठ्ठी बाहेर काढली नाही. "असं का," म्हटलं, आणि सानूला त्यांच्यासमोर बाजूनं उभं केलं.